बोरूचं टोक

२ जुलै २०२४, मंगळवार

सकाळी आठपासून पीकविम्याच्या अर्जांची गर्दी. सातबारा, पीकपेरा, आधार, पासबुक, दिवसभर तेच. मधे दोनदा लाइट गेली, इन्व्हर्टरवर एकच मशीन चालवलं. रात्री शटर निम्मं ओढलं तेवढ्यात सर आले. भिजू नये म्हणून पेनड्राइव्ह प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणलेला.

"अरे, तो बाण सारखा हरवायलाय माझा. काही करता येतंय का बघ."

सर म्हणजे शाळेत आम्हाला चित्रकला शिकवणारे सर. निवृत्तीनंतर त्यांनी एक काम हाती घेतलंय. आपल्या बालाघाटातल्या अवजारांची, बैलगाडीच्या भागांची, घरातल्या भांड्याकुंड्यांची नावं गोळा करायची आणि प्रत्येकापुढे अर्थ टाइप करून ठेवायचा. रुमणं, शिवळ, चाडं, धाव हे शब्द त्यांच्या नातवंडांच्या तोंडी नाहीत. पण काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची कडेची नजर नेली आहे. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही; उरलेली औषधाच्या थेंबांवर सांभाळायची. समोरचं अक्षर सरांना दिसतं, कोपऱ्यात काय आहे ते दिसत नाही.

त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं आणि मागे उभा राहिलो. पॉइंटर मजकुरावर आला की बाणाची उभी रेघ होते. सर माऊस हलवत होते आणि त्यांची नजर होती ‘धाव’ शब्दातल्या कान्यावर. तोच पॉइंटर आहे असं त्यांना वाटत होतं. तो हलेना म्हणून माऊस उचलून पुन्हा ठेवला, पुन्हा सरकवला. खरी रेघ तीन ओळी खाली, एका ‘रा’च्या काठाला टेकून उभी.

वीस वर्षं मराठी टाइप करतोय, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं. आपल्या लिपीत जिकडेतिकडे उभ्या रेघा: काना, वेलांटीचा दंड, बहुतेक अक्षरांचा मागचा खांब. त्यात आणखी एक उभी रेघ सोडली तर ती सापडणार कशी? शिवाय त्या रेघेला स्वतःचा रंग नाही. खाली जे असेल ते ती उलटं करून दाखवते, म्हणजे पांढऱ्या पानावर काळी. थेट अक्षरांच्याच रंगाची.

४ जुलै, गुरुवार

आधी सोपे उपाय. दुपारी जेवणाच्या वेळेत सरांच्या घरी गेलो. त्यांच्याकडे मुलाने पाठवलेलं जुनं मशीन, विंडोज ७. (२०१९पासून विंडोज १०मध्ये पॉइंटरचा आकार आणि रंग सेटिंगमध्येच बदलता येतो, पण या मशीनला ते झेपणार नाही.) माऊसच्या सेटिंगमध्ये कंट्रोलची कळ दाबल्यावर पॉइंटरभोवती वर्तुळं उमटण्याची सोय चालू केली. बाहेरून आत आवळत जाणारी ती वर्तुळं सरांना दिसली. काळा मोठा बाण लावला, तोही बरा. पण मजकुरावरची रेघ मोठी केली तरी काळी उभी रेघच राहिली.

निघताना सरांनी विचारलं, "त्या रेघेच्या जागी दुसरं काही बसवता येत नाही का? एखादं चित्र?"

येतं. आणि चित्रं तर सरांचीच माझ्याकडे आहेत. दुकान सुरू केलं तेव्हा लग्नपत्रिकांसाठी सरांनी शाईने काढून दिली होती: कलश, तोरण, सनई, वरातीची गाडी. श्री-लिपीत मजकूर जुळवायचा, कोरलमध्ये सरांचं चित्र टाकायचं आणि छपाईला बीडला पाठवायचं. तुळशीचं लग्न लागलं की आमच्या पत्रिका गावोगाव जायच्या. ती सगळी चित्रं स्कॅन करून मी २००४ साली एका सीडीवर ठेवली होती.

७ जुलै, रविवार

सीडी सापडली, पण कडेला ढगाळ डाग पडलेत. ६४ फायलींपैकी ४१ उघडल्या. उरलेल्या तेवीसमधल्या काही निम्म्या दिसतात आणि खाली करड्या पट्ट्या येतात. कलश गेला. सनई गेली. इतकी वर्षं ती कपाटात आहे एवढ्यावर मी निर्धास्त होतो, याचं फार वाईट वाटलं.

जे वाचलं ते आधी दोन ठिकाणी उतरवलं. मग बोरूचं चित्र घेतलं. तिरका धरलेला, टोकाला तिरपा काप दिलेला, कापापाशी शाईचा एक थेंब. सरांची रेघ इतकी नेमकी की कापाच्या आत बोरूचा पोकळ भागही दाखवलेला.

सरळ छोटं करून पाहिलं. दोन इंचांचं चित्र ३०० डीपीआयने स्कॅन केलेलं, म्हणजे ६०० बाय ६०० ठिपके. पॉइंटरची चौकट ३२ बाय ३२. सुमारे साडेतीनशे ठिपक्यांचा एक ठिपका होतो. सरांची दोन-तीन ठिपके जाडीची रेघ त्यात विरली आणि बोरूच्या जागी करडा डाग उरला. त्याभोवती पांढरा चौकोन तसाच, कारण जुन्या फायलीत पारदर्शक असं काही नसतंच. कागद पांढरा तर पांढरा. जेपीजी प्रत घेतली तर आणखी वाईट. तिच्यात रेघेच्या आजूबाजूला पुसट करडे ठिपके असतात. मोठ्या चित्रात ते डोळ्याला कळत नाहीत, पण पांढरं काढून टाकलं की तेच मळासारखे चिकटून राहतात.

फाइल बदलून देणारे प्रोग्राम पुष्कळ आहेत. ते चित्राची फाइल घेतात आणि पॉइंटरची फाइल देतात. पण त्यातून जे येतं ते सरांचं चित्र नव्हे.

८ जुलै, सोमवार

रात्री वहीच्या चौकटीच्या पानावर ३२ घरं मोजून आखली आणि बोरू त्यात बसवायला लागलो. आई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "हे तर ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच आहे की. तिरकी रेघ एका ठिपक्यावरून पुढच्या खालच्या ठिपक्यावर न्यायची. मधेच दोन सोडून उडी मारली की मोडल्यासारखी दिसती."

अगदी हेच. पॉइंटरचा बाण तिरका का, याचं कारणही यातच आहे. डग्लस एंगलबार्टने ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत माऊस लोकांसमोर आणला तेव्हा पडद्यावरचं चिन्ह सरळ वर बघणारं होतं. पुढे झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत तो बाण डावीकडे कलता केला. मोजक्या ठिपक्यांत उभी-आडवी कड आणि ४५ अंशांची कड याच रेघा स्वच्छ निघतात. त्यांच्या मधल्या कोनाची रेघ दातेरी होते. १९८४च्या मॅकिंटॉशची चिन्हं काढणाऱ्या सुझन केअरनेही आधी आलेखाच्या कागदावर घरं भरूनच काम केलं. आईने ते कागद पाहिलेले नाहीत, पण नियम तिला ठाऊक आहे.

बोरू ४५ अंशांतच धरायचा, हे ठरलं.

१० जुलै, बुधवार

मी काढलेला बोरू नीट होता, पण सरांचा नव्हता. मग पुठ्ठ्यावर एक सेंटिमीटरची घरं आखली, ३२ आडवी, ३२ उभी, आणि जाड स्केचपेनं घेऊन सरांकडे गेलो. एवढं मोठं घर त्यांना दिसतं.

सरांनी पुठ्ठा खिडकीपाशी नेला. आधी बोटाने घरं चाचपली. मग काळं पेन घेऊन डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. एक घर, मग त्याच्या वर-उजवीकडचं, मग त्याच्या वरचं. प्रत्येक घर भरायच्या आधी पेनाचं टोक घराच्या मध्यावर टेकवून क्षणभर थांबायचे. पाऊण तासात बाहेरची कड झाली. आतली पोकळी त्यांनी दाखवली नाही. त्या जागी तीन घरं मोकळी सोडली, आणि त्या तीन घरांनी काप दिसला. मी ६०० ठिपक्यांतून उतरवू पाहत होतो ते तीन रिकाम्या घरांत आलं.

रंग गेरूचा. "भिंतीवर काव दिली की लांबून दिसती," म्हणाले. काळ्या कडेबाहेर एक पांढरी कड माझी, म्हणजे गडद पार्श्वभूमीवरही उठून दिसेल.

नेहमीचा बाण ३२च्या चौकटीत असला तरी जेमतेम १२ ठिपके रुंद आणि विसाच्या आसपास उंच असतो. सरांचा बोरू चौकट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भरतो.

१३ जुलै, शनिवार

टोक डावीकडे खाली आलंय हे मी उतरवून घेताना पाहिलं आणि बदललं. पॉइंटरचं टोक डावीकडे वर असतं, म्हणून बोरू उलटा केला. आयकॉनची फाइल तयार झाली. आयकॉन आणि पॉइंटर यांच्या फायली सख्ख्या भावंडांसारख्या. सुरुवातीच्या सहा बाइटांतला तिसरा ०१ असेल तर आयकॉन, ०२ असेल तर पॉइंटर. हेक्स एडिटरमध्ये तेवढं बदललं, नाव बदललं, लावलं. दिसला छान. पण क्लिक भलतीकडेच लागायला लागलं. बोरूचं टोक अक्षरावर ठेवावं, तर कर्सर जाऊन बसायचा दोन ओळी खाली.

तासाभराने उलगडलं. पॉइंटरचं चित्र केवढंही असलं तरी पडद्याला शिवतो तो एकच ठिपका. त्याला हॉटस्पॉट म्हणतात. मी आपलं टोक म्हणतो. तो कुठे आहे हे फायलीत अकराव्या ते चौदाव्या बाइटात लिहिलेलं असतं, दोन बाइट आडवं अंतर आणि दोन बाइट उभं. आयकॉनला टोक नसतं, म्हणून त्याच्या फायलीत त्याच चार बाइटांत रंगांची माहिती असते: ०१ ०० २० ००. हे सोळाच्या पायाचे आकडे, तिथला २० म्हणजे आपले ३२. विंडोजने ते वाचलं आडवं १, उभं ३२ असं. घरं शून्यापासून ३१पर्यंत. म्हणजे टोक चित्राच्या खालच्या कडेच्याही खाली.

चारही बाइट शून्य करायचे असतात, हे लिहून ठेवलं. उद्या करेन.

१४ जुलै, रविवार

शून्य करायची वेळच आली नाही. सरांना उलटा बोरू दाखवला आणि ते थेट म्हणाले, "हा असा धरून लिहितं का कुणी? टोक वर करून?"

मी म्हटलं, सर, पॉइंटर असेच असतात.

"असतील. पण बोरूचं टोक खाली डावीकडं. कागदावर टेकतं तिथं."

त्यांचा पुठ्ठा त्यांनी तसाच काढला होता, तो मी उलटा करायला नको होता. पुन्हा सरळ केला. टोक आडवं १, उभं ३० या घरात. बाइट ०१ ०० १ई ००. कालच्या चुकीच्या आकड्यांपासून फक्त दोन घरं वर.

लावून पाहिलं आणि एक फायदा दिसला. नेहमीचा बाण अक्षराच्या खाली-उजवीकडे पसरतो, म्हणजे पुढे वाचायची ओळ झाकतो. हा बोरू वर-उजवीकडे पसरतो, वाचून झालेली ओळ झाकतो. सर मंगल फॉन्टमध्ये १८ पॉइंटात टाइप करतात. काळ्या कान्यांच्या रांगेत तो तिरका गेरूचा बोरू लगेच दिसतो. मंगल घडवला रा. कृ. जोशींनी, हे सरांना माहीत होतं. चित्रकलेच्या शिक्षकाला सुलेखनकाराचं नाव ठाऊक असणारच. "मग बोरू शोभतोय त्याच्यावर," म्हणाले.

तोटाही दिसला. मेनू पडद्याच्या वरच्या कडेला. टोक तिथे नेलं की बोरूचा दांडा पडद्याबाहेर जातो आणि फक्त टोक उरतं. कडेचंच न दिसणाऱ्या माणसाला हे चालणार नाही. म्हणून बोरू फक्त मजकुरावरच्या रेघेच्या जागी. विंडोज ७मध्ये पॉइंटरच्या १५ जागा असतात, प्रत्येकीला वेगळी फाइल देता येते. साध्या बाणाच्या जागी वर टोक असलेलं काहीतरी हवं.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी

दुकान बंद. सरांकडे लॅपटॉप नेला आणि वाचलेली ४१ चित्रं एकेक करून मोठी दाखवली. नांगराचा फाळ दोघांनाही पसंत पडला होता, पण ३२ घरांत तो खिळा दिसतो. मोरपिसाचं काहीच उरत नाही.

मग कोयता आला. ते चित्र पत्रिकेचं नव्हतं. गाडीच्या चाकाला टेकवलेला कोयता, शेजारी बांधलेलं बोचकं. अणकुचीदार, वळण घेतलेला, ३२ घरांत सगळ्यात सुंदर बसेल असा आकार. मी तसं म्हणालोही.

सर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा नको."

आपल्याकडे ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल कोयत्यावर ठरते, माणसावर नाही. दिवाळीच्या आसपास गाड्या-ट्रॅक्टर निघाले की सरांचा वर्ग निम्मा व्हायचा. आईबापांबरोबर फडावर गेलेली पोरं चार-सहा महिने परतायची नाहीत आणि काही शाळेत पुन्हा यायचीच नाहीत. ते चित्र त्यांनी अशाच एका दिवशी काढलं होतं. "हे चित्र बघायसाठी आहे. बोटाखाली घेऊन फिरवायसाठी नाही."

त्यांचं बरोबर आहे. पॉइंटर दिवसभर हातात असतो, थोड्या दिवसांनी तो दिसेनासाच होतो. काही चित्रं अशी नजरेआड होऊ द्यायची नसतात.

बाणाच्या जागी तोरणातलं आंब्याचं पान ठरलं. टोक वर डावीकडे, मधली शीर ४५ अंशांत. पुठ्ठा पुन्हा काढला. पान सरांनी वीस मिनिटांत भरलं.

२० जुलै, शनिवार

काल जगभर विंडोजची मशीनं निळी पडली. विमानतळ, बँका ठप्प. सुरक्षेच्या एका सॉफ्टवेअरच्या सदोष फाइलमुळे. आपल्याकडे ते सॉफ्टवेअर नाही, अर्ज चालूच राहिले, पण दर दुसरा माणूस विचारत होता की आपला विमा अडकला का.

थांबण्याच्या चिन्हासाठी सौताड्याचा धबधबा करतोय. सरांच्या चित्रातला कडा आणि पाण्याच्या तीन धारा. चार चित्रं, प्रत्येकात धारेचे ठिपके एकेक घर खाली. हलत्या पॉइंटरच्या फायलीत वेळ सेकंदाच्या साठाव्या भागात मोजतात. ६ दिले की एक चित्र सेकंदाचा दहावा भाग टिकतं. पाणी पडल्यासारखं दिसतं. विंचरणा नदीला सध्या पाणी आहेच, रविवारी पाटोद्याहून पोरं गाड्या काढून बघायला जातात.

२१ जुलै, रविवार, गुरुपौर्णिमा

सरांच्या मशीनवर तिन्ही लावले. पान, बोरू, धबधबा. सरांनी ‘तिफण’ हा शब्द शोधला, बोरू ‘ति’पुढे टेकवला, क्लिक केलं. एकदाच. मग पुढचा शब्द. मी काही बोललो नाही. दीड तास ते काम करत होते आणि माऊस एकदाही उचलून ठेवला नाही.

२३ जुलै, मंगळवार

सकाळीच फोन. "बोरू गेला. पुन्हा ती रेघ आली."

चूक माझी. फायली पेनड्राइव्हवरच होत्या. विंडोज पॉइंटर आपल्याकडे उतरवून घेत नाही, फक्त त्याचा पत्ता लक्षात ठेवतं. सरांनी पेनड्राइव्ह काढून कपाटात ठेवला आणि मशीन बंद-चालू झाल्यावर त्या पत्त्यावर कुणीच नव्हतं. फायली सी ड्राइव्हवर विंडोजच्या कर्सर्स फोल्डरमध्ये टाकल्या, पुन्हा लावल्या, संच नाव देऊन सेव्ह केला. थीम बदलली की पॉइंटर बदलू देणारी खूणही काढून टाकली. दोनदा बंद-चालू करून पाहिलं. राहिला.

सरांना एक सवयही लावलीय. हरवलाच तर माऊस डावीकडे वर, थांबेपर्यंत ढकलत न्यायचा. पान कोपऱ्यात जाऊन अडतं. तिथून पुन्हा निघायचं.

२८ जुलै, रविवार

सरांच्या यादीत आज ४१२ शब्द झाले. शेवटचा ‘वंगण’.

तिन्ही फायली तीन ठिकाणी ठेवल्यात: माझं मशीन, सरांचं मशीन आणि एक पेनड्राइव्ह, जो आईच्या पेटीत राहील. बोरूची फाइल ४,२८६ बाइटांची. पुठ्ठाही जपून ठेवलाय.

न उघडलेल्या तेवीस चित्रांबद्दल सरांना आज सांगितलं. इतके दिवस धीर होत नव्हता. ते आत गेले आणि पत्र्याची पेटी ओढत घेऊन आले. मूळ कागद त्यात आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. कलश वरच होता. पुढच्या रविवारी स्कॅनर इकडे आणतो. ज्यांच्या दुकानात अशा जुन्या सीड्या पडून आहेत त्यांनी त्या या पावसाळ्यातच उघडून बघाव्यात.